कुकर घरी ठेवा, भाषा घेऊन जा

गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ एक यादी घेऊन घरी आला. सप्टेंबरात तो माद्रिदला मास्टर्स करायला चाललाय. यादी पुण्यातल्या एका एजन्सीनं दिलेली. छापील, वर लोगो. तीन लिटरचा कुकर, दोन किलो तूरडाळ, कांदालसूण मसाला, लोणच्याची हवाबंद बरणी, उलथनं, पोळपाट-लाटणं, थर्मल दोन जोड, क्रोसिन, देवाचा फोटो. सत्तेचाळीस वस्तू.

"दादा, एवढं बघून दे. काय राहिलंय का?"

मी बघून दिलं. म्हटलं, "राहिलंय. स्पॅनिश राहिलंय."

तो हसला. "कोर्स इंग्लिशमधी आहे ना."

हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी, इनामगावातल्या याच ओसरीवर बसून, मी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं. तेव्हा वावराच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला होता, विसा झाला होता आणि मी व्हॅलेन्सियाला पाणी व्यवस्थापन शिकायला निघालो होतो. वडिलांनी विचारलं, तिथली भाषा कोणती? मी म्हटलं, स्पॅनिश, पण कोर्स इंग्लिशमध्ये आहे. ते निर्धास्त झाले. मी त्यांना फसवलं, आणि मला माझ्याआधी कुणीतरी फसवलं होतं.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. 'परदेशात ॲडजस्ट कसं व्हायचं' यावर मराठीत रील्स, व्हिडिओ, वेबिनार यांचा पाऊस पडतोय. त्यात ॲडजस्ट होणं म्हणजे थंडी सहन करणं, घरची आठवण गिळणं आणि भाजी स्वस्त कुठं मिळते ते शोधणं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या देशात चाललात त्या देशाची भाषा न शिकता तिथं 'ॲडजस्ट' होता येत नाही. फक्त लपून राहता येतं.

आठ वाजून अकरा मिनिटं

२९ ऑक्टोबर २०२४. मला व्हॅलेन्सियात येऊन दीड महिना झाला होता. आम्ही सहा जण एका फ्लॅटमध्ये, सगळे भारतीय. भात शिजत होता. रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. साधी रिंगटोन नव्हे, भोंगा. स्क्रीनवर एक मोठा मजकूर, व्हॅलेन्सियन आणि स्पॅनिशमध्ये. एकानं वैतागून फोन उलटा टाकला. दुसरा म्हणाला, टेस्टिंग असेल. मी स्क्रीनशॉट काढून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. मजकूर होता नागरी संरक्षण दलाचा: प्रांतात कुठंही प्रवास करू नका.

आमच्यातला सहावा त्या वेळी घरी नव्हता. सायकलवर जेवणाची पार्सलं पोहोचवत होता, शहराच्या दक्षिणेकडं. त्यानं तो मजकूर जाहिरात समजून बोटानं बाजूला सारला होता. अकराला परत आला तेव्हा सांगत होता, एका दुकानदारानं त्याच्या सायकलचं हँडल धरून ठेवलं. काय बोलत होता ते कळलं नाही, पण हँडल सोडेना. म्हणून हा मागं फिरला.

त्या दिवशीच्या पुरात एकट्या व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. पायपोर्ता, कातारोहा, आल्फाफार ही शहराला चिकटलेली गावं चिखलात बुडाली. आम्ही वाचलो याचं कारण आमची हुशारी नव्हती. १९५७ साली तुरिया नदीनं शहर बुडवलं, तेव्हा तिथल्या सरकारनं नदीचं पात्रच उचलून शहराच्या दक्षिणेला नेलं. जुन्या पात्रात आता बाग आहे. आम्ही नव्या पात्राच्या अलीकडं होतो. हे सगळं मी त्याच महिन्यात वर्गात शिकलो होतो, झकास इंग्लिश स्लाइडवर. नदीचं पात्र का हलवलं ते मला सांगता येत होतं. नदी येतेय हे वाचता येत नव्हतं.

इथं प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करतो. तो इशारा फार उशिरा आला. ज्यांना स्पॅनिश मातृभाषा म्हणून येत होती अशीही माणसं मेली, आणि या उशिराचा जाब विचारायला पुढं एक लाखाहून जास्त लोक व्हॅलेन्सियाच्या रस्त्यावर उतरले. म्हणजे भाषा आली की जीव वाचतो असं मी म्हणत नाही. पण न वाचता आलेला इशारा वेळेवर आला असता तरी उपयोग शून्य होता. आमच्यापुरता तो आलाच नाही.

पुरानंतर तीन-चार दिवस शहरातली हजारो पोरं खांद्यावर झाडू आणि फावडी टाकून पूल ओलांडून चालत जात होती. मीही गेलो. चिखल उपसणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती, घोडनदीकाठचा माणूस आहे मी. एका आजीच्या घरातून चिखल काढताना ती म्हणायची 'पाला' आणि बोट दाखवायची, म्हणजे फावडं. 'कूबो' म्हणजे बादली. 'बार्रो' म्हणजे चिखल. 'दे आकी' म्हणजे इथून. दीड महिन्यात वर्गात, मॉलमध्ये, फ्लॅटमध्ये जेवढी भाषा शिकलो नव्हतो तेवढी मी त्या तीन दिवसांत शिकलो. आणि पहिल्यांदा मला त्या देशात कुणीतरी विचारलं, तू कुठल्या गावचा?

इंग्लिश कुठं संपतं

'कोर्स इंग्लिशमध्ये आहे' हे खोटं नाही. ते अर्धं आहे. इंग्लिश वर्गाच्या दारापर्यंत पोहोचतं. त्यापुढं काय काय असतं ते एजन्सी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

पोहोचलात की आधी घर. घराचा करार स्पॅनिशमध्ये. मग नगरपालिकेत जाऊन आपण या पत्त्यावर राहतो अशी नोंद, त्याला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज. त्यासाठी पोलीस कार्यालयाची 'सीता प्रेव्हिया', म्हणजे आधी घेतलेली वेळ. ही वेळ मिळणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं तत्काळ तिकीट मिळण्यासारखं. मिळाली, की खिडकीपलीकडच्या बाईंशी बोलायचं. त्या तुमच्याशी इंग्लिश बोलायला बांधील नाहीत. का असाव्यात? आपल्या तलाठ्याशी कुणी जर्मनमध्ये बोलायला लागलं तर तो काय करेल?

माझ्या फॉर्मवर आडनावाच्या दोन जागा होत्या. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं, एक आईकडचं. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढं वडिलांचं नाव, मग आडनाव. बाईंनी काहीतरी विचारलं, मी 'सी, सी' म्हटलं. परिणाम असा, की त्या एका कार्यालयाच्या कागदोपत्री माझ्या वडिलांचं नाव हेच माझं पहिलं आडनाव झालं आणि तिथं मला त्यांच्या नावानं हाक मारली जायची. ते दुरुस्त करायला चार महिने लागले. साधा प्रश्न कळला असता तर चार सेकंद लागले असते. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम झालाय. ती मुलं मोठी होऊन स्पेनला गेली की त्या खिडकीवर आणखी मजा येणार आहे.

घराचं तर विचारूच नका. आम्ही सहा जणांनी करार न वाचता सही केली. सोडताना घरमालकानं अनामत रक्कम ठेवून घेतली. एक कलम होतं, घर सोडायची सूचना किती दिवस आधी द्यायची त्याचं. प्रत्येकी जवळपास तीस हजार रुपये गेले. मालक लबाड होता का? असेलही. पण त्यानं ते कलम लपवलं नव्हतं. सातव्या पानावर छापलं होतं. आम्हीच निरक्षर होतो.

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. माझी आजी अंगठा टेकवायची. तिला सावकारानं काय लिहिलंय ते कळायचं नाही. घरातला पहिला पदव्युत्तर शिकलेला माणूस म्हणून मी विमानात बसलो आणि उतरल्या उतरल्या आजीच्या जागी जाऊन बसलो. फरक इतकाच, की आजीला आपल्याला वाचता येत नाही हे माहीत होतं. मला वाटत होतं, माझा कोर्स इंग्लिशमध्ये आहे.

आपली माणसं

आता त्या फ्लॅटबद्दल. तिथं आम्ही सुखात होतो, हे आधी सांगतो. रविवारी कोंबडी व्हायची. कुणाला ताप आला तर दुसरा रात्रभर जागायचा. भाडं वाटलं जायचं. असा फ्लॅट नसता तर पहिल्या महिन्यात मी परत आलो असतो. त्यामुळं 'भारतीयांबरोबर राहू नका' असला शहाणपणा मी शिकवणार नाही.

पण त्या सुखाची किंमत असते आणि ती हळूहळू कापली जाते. दूध कुठलं घ्यायचं, ग्रुपवर विचारा. पोटात दुखतंय, ग्रुपवर विचारा. पोलीस कार्यालयाची चिठ्ठी आली, ग्रुपवर फोटो टाका. त्या ग्रुपवर तीनशे जण होते आणि स्पॅनिश येणारे चार. त्या चौघांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. तेही बऱ्याचदा ऐकीव. एकदा ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, की विद्यार्थ्यानं कितीही तास काम केलं तरी चालतं. चालत नाही. स्पेनमध्ये आठवड्याला तीस तासांची मर्यादा आहे आणि ती कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. दोन पोरं अडचणीत आली.

गावातही हेच असायचं. सगळ्या गावाला तालुक्याचा कारभार एकच माणूस समजावून सांगायचा, आणि त्या जोरावर तो पुढारी व्हायचा. आपण पुढाऱ्याला शिव्या देत शिकलो, विमानात बसलो आणि व्हॉट्सॲपवर नवा पुढारी निवडला.

आणि घरचे? घरचे रोज विचारतात, "जेवलास का?" विचारावंच. पण वर्षभरात एकदाही कुणी विचारलं नाही, "आज कुणाशी बोललास का?" विचारलं असतं तर मला खरं सांगता आलं नसतं.

गावाकडच्या पोरांचा हात वरचढ आहे

आता मुद्द्याचं. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला आयुष्यभर सांगितलं जातं, की तुझं इंग्लिश कच्चं आहे, तू मागं आहेस. मीही मांडवगणच्या रस्त्यावर सायकल हाणत हेच ऐकत मोठा झालो. म्हणून स्पेनला जातानाही आम्ही इंग्लिशच घोटतो. आयईएलटीएसचे क्लास लावतो, त्यावर पंधरा-वीस हजार घालवतो, आणि स्पॅनिशला हातही लावत नाही. 'आधी इंग्लिश तरी धड येऊ दे' म्हणतो. पण स्पॅनिश हे इंग्लिशच्या जिन्यावरचा पुढचा मजला नाही. त्याला वेगळं दार आहे, आणि ते दार मराठीतून जास्त सहज उघडतं.

मला कॉफी आवडते. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे'. 'मे' म्हणजे मला. क्रियापद कॉफीप्रमाणं चालतं, माझ्याप्रमाणं नाही. अनेक गोष्टी आवडत असतील तर क्रियापद अनेकवचनी होतं, 'मे गुस्तान', जसं आपण 'मला आंबे आवडतात' म्हणतो. इंग्लिशमधून विचार करणारा माझा वर्गमित्र 'मी आवडतो कॉफी' अशा धर्तीचं काहीतरी बोलायचा आणि बाई कपाळाला हात लावायच्या. मी पहिल्या दिवशी बरोबर बोललो. हुशारी माझी नव्हती, मराठीची होती.

मला वाटतं, 'मे पारेसे'. हातून ग्लास पडला तर इंग्लिश माणूस 'मी ग्लास पाडला' म्हणून गुन्हा कबूल करतो. आपण म्हणतो माझ्या हातून पडला. स्पॅनिश माणूसही म्हणतो 'से मे आ काईदो', पडला बुवा माझ्याकडून. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणं बदलतं, जसं आपल्यात काळा घोडा, काळी गाय. 'मी' न बोलताही वाक्य पूर्ण होतं: 'जातो', 'वोय'. तू आणि तुम्ही वेगळे: 'तू' आणि 'उस्तेद'. होय, 'तू' म्हणजे चक्क तू. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं ते 'यावंस' इंग्लिशवाल्याला समजवायला शिक्षकांना महिने लागतात. स्पॅनिशमध्ये त्याला वेगळा क्रियापदी रूपांचा संच आहे, आणि आपल्या कानाला त्याची कल्पना नवी नाही. उच्चार? आपला त, आपला द, आपला ञ. जे लिहिलंय ते जवळजवळ तसंच वाचायचं.

शब्दही ओळखीचे निघतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी आहेत, आणि पोर्तुगिजांनी मराठीत बरंच सामान ठेवलंय. आपला बटाटा, त्यांचा 'पाताता'. आपला पगार, त्यांचं 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. पाण्याचं पिंप, त्यांची 'पीपा'. दाराची बिजागरी, त्यांची 'बिसाग्रा'. माझ्या खोलीचं दार करकरायला लागलं तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात मी 'बिसाग्रा' म्हटलं आणि मालकानं मला परकी भाषा येणाऱ्या माणसासारखं पाहिलं. तो शब्द मला गावच्या सुतारानं शिकवला होता.

आणि जगणं? दुपारी दोन ते पाच दुकानं बंद. पुण्यातल्या दुकानांवर विनोद ऐकत मोठं झालेल्यांनी यात काय ॲडजस्ट व्हायचं? संध्याकाळी म्हातारी माणसं चौकातल्या बाकांवर येऊन बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. पारावर वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. दवाखान्यात प्रतीक्षेच्या खोलीत शिरलं, की सगळ्यांना मिळून 'बुएनास' म्हणायचं, आपण राम राम म्हणतो तसं. महानगरातून आलेली मुलं कानात हेडफोन घालून कोपऱ्यात बसायची. मी राम राम घालायचो. दुसऱ्या वेळी नर्सनं मला नावानं ओळखलं.

ज्याला आपण गावंढळपणा समजून पुण्याच्या बसमध्येच सोडून देतो, तो तिथं कामाला येतो. पण त्याला तोंड लागतं. तोंड म्हणजे भाषा.

शंभर वर्षांपूर्वीचा एक वर्धेकर

कुणी म्हणेल, हे सगळं बोलायला ठीक, खरंच कुणी केलंय का? केलंय. पांडुरंग खानखोजे. १८८४ साली वर्ध्यात जन्म. क्रांतिकारक म्हणून देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेती शिकले, गदर चळवळीत उतरले. ब्रिटिश मागावर होते, मायदेशी परतता येत नव्हतं. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

विचार करा. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला मका कसा सुधारायचा हे त्यांनी कोणत्या भाषेत सांगितलं असेल? इंग्लिशमध्ये नक्कीच नाही. त्यांच्याकडं ॲप नव्हतं, ग्रुप नव्हता, 'इंग्लिश माध्यमाचा कोर्स' नव्हता. परत जायची वाट बंद होती, म्हणून समोरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं भाग होतं. आपल्याला परतीचं तिकीट आहे, म्हणून आपण बोलत नाही. वर्धा ते चापिंगो गेलेल्या माणसाचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही, आणि कुकर किती लिटरचा न्यायचा हे पाठ आहे.

'पण' म्हणणाऱ्यांना

पण वेळ कुठंय? कोर्स, पार्ट टाइम, स्वयंपाक. खरं आहे. विसा ते विमान या काळात सहा महिने असतात. ते सहा महिने आपण व्हिडिओ बघत काढतो. रोजचा पाऊण तास पुरतो. पोहोचल्यावरही सरकारी भाषाशाळा असतात, फी माफक. प्रौढ शिक्षण केंद्रांत परदेशी लोकांना स्पॅनिश बऱ्याच ठिकाणी फुकट शिकवतात. माझ्या वर्गात सेनेगलचा एक गवंडी होता, दिवसभर विटा वाहून संध्याकाळी यायचा. त्याला वेळ होता.

पण वर्षभराचाच कोर्स आहे, मग जर्मनीला जाणार. जा. तिथं जर्मन लागेल आणि तिथंही तुम्ही म्हणाल, कोर्स इंग्लिशमध्ये आहे.

पण तिथं स्पॅनिशही पुरत नाही, व्हॅलेन्सियन असतं, कातालान असतं. बरोबर. व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं न्यायालय भरतं. तुरियाच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी काळे झगे घालून बसतात, पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकतात, तिथल्या तिथं निकाल देतात. शेकडो वर्षांची रीत आहे, २००९ साली युनेस्कोनं तिला वारसा म्हणून मान्यता दिली. सगळं व्हॅलेन्सियनमध्ये चालतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पर्यटक होतो, फोटो काढला. मे महिन्यात परत गेलो तेव्हा स्पॅनिशच्या आधारानं निम्मं समजलं, आणि बाजूला उभ्या शेतकऱ्याला उरलेलं विचारता आलं. त्यानं मला त्याच्या कालव्याची पाळी कशी चालते ते अर्धा तास सांगितलं. आमच्याकडं पाळीवरून डोकी फुटतात हे मी त्याला सांगितलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या अर्ध्या तासातून निघालं. एक भाषा दुसऱ्या भाषेचं दार उघडते. शून्य कोणतंच दार उघडत नाही.

पण ते लोक आपल्याला तुच्छ समजतात. काही समजतात. फोनवर माझा उच्चार ऐकून 'घर गेलं' म्हणणारे मला भेटले. भाषा आल्यानं वंशद्वेष जात नाही. पण भाषा आल्यावर कोण तुच्छ समजतंय आणि कोण नुसतं घाईत आहे, हे वेगळं करता येतं. पहिले सहा महिने मला सगळा देशच माझा अपमान करतोय असं वाटायचं. त्यातला बराचसा अपमान मला न कळलेला साधा प्रश्न होता. आणि जो खरा अपमान होता, त्याला उत्तर द्यायलाही भाषाच लागली.

आमच्या गावची जुनी माणसं

इनामगाव पुस्तकांत आहे, पण आमच्यातल्या अनेकांना ते बाहेर गेल्यावर कळतं. घोडनदीच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. बार्ली पिकवणारी, नदीचं पाणी चर खणून वळवणारी. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास दिवस फिरले. अभ्यासक म्हणतात, हवा कोरडी झाली. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार आणि शेळ्यामेंढ्यांवर भर आला. याला ॲडजस्ट होणं म्हणतात. घराचा आकार बदलला, ताटातलं बदललं, चालण्याची वाट बदलली.

आणखी एक गोष्ट तिथं सापडली. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. संशोधकांचा तर्क असा, की मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून.

मला हे वाचून आमच्या निरोपसमारंभांची आठवण होते. आपण पोराला विमानात बसवतो आणि त्याच वेळी तो इथून हलू नये याची सगळी तजवीज करतो. मसाला दे, फोटो दे, रोज फोन कर, आपल्याच माणसांत राहा, लवकर ये. प्रेमापोटीच. पाय तोडणाऱ्यांचंही प्रेमच असेल. पण पोराला पाठवायचं असेल तर पाय शाबूत ठेवून पाठवा.

म्हणून

माझी मागणी तीन जणांकडं आहे. एजन्सीवाल्यांनी छापील यादीच्या पहिल्या ओळीत लिहावं: रोजच्या जगण्याला त्या देशाची भाषा लागते, किमान प्राथमिक पातळी गाठल्याशिवाय निघू नका. फी घेता, तेवढं सांगा. शिक्षकांनी मराठी माध्यमाच्या पोराला सांगावं, की तुझं व्याकरण ही तुझी गरिबी नाही. आणि जाणाऱ्यांनी कर्जाच्या हिशोबात भाषेचा क्लास धरावा, जसं विमानाचं तिकीट धरता. ज्या वावरावर बोजा आहे, त्या वावराला सातव्या पानावरचं कलम वाचता येणारा मालक हवा.

चुलतभावाच्या यादीवर मी काट मारली तेव्हा नाना चिडले. "आरं, तिथं काय मिळतंय का न्हाय, त्याला काय म्हाईत? जाऊ दे की घेऊन." मी म्हटलं, "नाना, डाळ मिळती. मसालाबी मिळतो. त्याला मागता आलं पाहिजे." नाना काही बोलले नाहीत. काकूंनी कुकर परत बॅगेत ठेवला.

पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन आला. आता रोज येतो. काल त्यानं मला विचारलं, 'मला भूक लागली' याला 'मे' का नाही चालत, 'तेंगो' का म्हणायचं? मी सांगितलं, तिथं भूक लागत नाही, ती आपल्याकडं असते. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "म्हणजे इथं मराठी चालत नाय व्हय?"

नाही चालत. सगळीकडं चालत नाही. पण त्याला प्रश्न पडलाय, आणि सप्टेंबरला अजून चार महिने आहेत.